जाहिरातीतली मान्यता

२५ जुलै १९९३ च्या ‘हिंदुस्तान टाइम्स’मध्ये पाटण्याच्या बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजची प्रवेशाची जाहिरात आली. विश्व बुद्ध परिषद ही संस्था हे कॉलेज चालवत होती. बिहारमधलं हे अग्रगण्य दंतवैद्यक महाविद्यालय बोधगयेच्या मगध विद्यापीठाच्या आणि दिल्लीच्या भारतीय दंत परिषदेच्या अखत्यारीत आहे, असं त्या जाहिरातीवरून दिसत होतं. मुलांनी बी.डी.एस.ला प्रवेश घेतला, शुल्क भरलं, वसतिगृहाचे आणि खाणावळीचे पैसे भरले. वर्ष संपलं तरी परीक्षा काही होईना. चौकशी केल्यावर कळलं, की कॉलेज विद्यापीठाशी संलग्न नाही आणि परिषदेची मान्यताही त्याला नाही. जे कॉलेज विद्यापीठाच्या दप्तरीच नाही, त्याच्या विद्यार्थ्यांची परीक्षा विद्यापीठ घेणार तरी कशी?

अकरा विद्यार्थी १९९४ मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे गेले. आयोगाचा निकाल २९ सप्टेंबर २००० रोजी लागला. संस्थेने केलेल्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २००९ रोजी निकाल दिला. दोन्हीकडे विद्यार्थी जिंकले. अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला मुलगा तोवर तेहतीस-चौतीस वर्षांचा झाला होता.

महाविद्यालयांविरुद्ध विद्यार्थ्यांनी केलेले अनेक दावे टिकत नाहीत. हा टिकला. तो का टिकला आणि टिकूनही विद्यार्थ्यांच्या हाती नेमकं काय आलं, हे दोन प्रश्न समजून घेतले, तर मान्यता या गोष्टीचं खरं मोल कळतं.

एक मान्यता नव्हे, अनेक

प्रवेशाच्या दिवसांत रस्तोरस्ती लागणाऱ्या फलकांवर ‘शासनमान्य’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. प्रत्यक्षात उच्च शिक्षणात ‘मान्यता’ नावाची एकच गोष्ट नाही. निदान चार वेगवेगळे कागद असतात. ते चार वेगवेगळ्या यंत्रणा देतात आणि एक असला म्हणून दुसरा असतोच असं नाही.

पहिला कागद पदवी देण्याच्या अधिकाराचा. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा आहे. त्याच्या २२ व्या कलमानुसार कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. २३ व्या कलमानुसार इतर कोणी स्वतःला विद्यापीठ म्हणवून घेऊ शकत नाही. साधं महाविद्यालय स्वतः पदवी देत नाही. त्याचे विद्यार्थी ज्या विद्यापीठाची परीक्षा देतात, त्या विद्यापीठाशी असलेलं संलग्नीकरण हा दुसरा कागद.

तिसरा कागद व्यवसायाच्या नियामकाचा. वैद्यकीय शिक्षणासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, औषधनिर्माणासाठी फार्मसी कौन्सिल, वकिलीसाठी बार कौन्सिल, वास्तुकलेसाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, अभियांत्रिकीसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद. डॉक्टर, औषधनिर्माता किंवा वकील होऊ पाहणाऱ्यासाठी या कागदावर सगळं अवलंबून असतं. मान्यता नसलेल्या कॉलेजातली पदवी घेऊन नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नाही.

चौथा कागद गुणवत्तेच्या मूल्यांकनाचा. नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, १९९४ मध्ये बंगळुरूला सुरू झाली. ती संपूर्ण संस्थेला श्रेणी देते. एनबीए, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, एकेका अभ्यासक्रमाला अधिस्वीकृती देतं. त्यामुळे एकाच कॉलेजातल्या यंत्र अभियांत्रिकीला एनबीएची अधिस्वीकृती असते आणि शेजारच्या इमारतीतल्या स्थापत्य अभियांत्रिकीला नसते, असं होऊ शकतं. माहितीपत्रकात मात्र ‘एनबीए मानांकित’ हे शब्द कॉलेजच्या नावाखाली छापले जातात, आणि सगळ्याच शाखा त्यात आल्या असं पालकांना वाटतं. परदेशी जाऊ पाहणाऱ्या अभियंत्यासाठी हा फरक फार मोलाचा आहे. भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांसारख्या सदस्य देशांत अभियांत्रिकीच्या पदव्या परस्परांना समतुल्य मानण्यासाठी हा करार आहे. त्याचा लाभ एनबीएच्या वरच्या गटातील अधिस्वीकृत अभ्यासक्रमांनाच मिळतो. कॉलेज नामांकित आहे, एवढ्यावर तो मिळत नाही.

यांतल्या बऱ्याच कागदांना मुदत असते, हे आणखी एक. नॅकची श्रेणी साधारण पाच वर्षांची, एनबीएची अधिस्वीकृती तीन किंवा सहा वर्षांची, तंत्रशिक्षण परिषदेची मंजुरी ठरावीक शैक्षणिक वर्षांपुरती आणि ठरावीक जागांपुरती. नोव्हेंबर २०२५ मध्ये फरिदाबादच्या अल-फलाह विद्यापीठाला नॅकने कारणे दाखवा नोटीस दिली. त्याच्या घटक महाविद्यालयांना पूर्वी मिळालेल्या श्रेणींची मुदत केव्हाच संपली होती, तरी त्या संकेतस्थळावर झळकत होत्या. एके काळी खरी असलेली गोष्ट मुदतीनंतरही मिरवली, की तिचं खोट्यात रूपांतर होतं.

‘प्रक्रियेत आहे’

पाटण्याच्या प्रकरणाला एक कायदेशीर पार्श्वभूमी होती. दंतवैद्यांच्या १९४८ च्या कायद्यात १९९३ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ‘१०अ’ आलं. नवं दंत महाविद्यालय काढायचं असेल, नवा अभ्यासक्रम सुरू करायचा असेल किंवा जागा वाढवायच्या असतील, तर केंद्र सरकारची आगाऊ परवानगी सक्तीची झाली. वैद्यकीय महाविद्यालयांसाठीही त्याच वर्षी तशीच तरतूद झाली. खासगी महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि इमारत, रुग्णालय, अध्यापक यांची तजवीज होण्याआधीच विद्यार्थी भरती केले जात होते. हे थांबवण्यासाठी हा बदल होता.

परवानगी आणि मान्यता यांत इथे एक अंतर राहतं. नव्या महाविद्यालयाला आधी सुरू करण्याची परवानगी मिळते, मग टप्प्याटप्प्याने तपासण्या होतात, आणि पहिली तुकडी अंतिम परीक्षेपर्यंत पोचते तेव्हा पदवीला पूर्ण मान्यता मिळते. म्हणजे पहिल्या काही तुकड्या एका विश्वासावर शिकत असतात. प्रामाणिक संस्था हे स्पष्ट सांगते. अप्रामाणिक संस्था अर्ज केल्यालाच मंजुरी म्हणते. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’, ‘लवकरच येईल’, ‘समिती येऊन गेली’, ‘मागच्या वर्षीही उशिराच आली होती’, ही वाक्यं प्रवेशाच्या टेबलावर सर्रास ऐकू येतात. त्यांतलं एकही वाक्य त्या क्षणी खोटं ठरवता येत नाही, आणि नेमकं त्यामुळेच ती घातक आहेत. धोका संस्थेने पत्करलेला असतो, पण तो चुकला तर किंमत विद्यार्थी मोजतो.

न्यायालय काय तपासतं आणि काय तपासत नाही

आता पहिला प्रश्न. हा दावा टिकला का?

‘शिक्षक चांगले नव्हते, प्रयोगशाळा निकृष्ट होती, मला काहीच शिकता आलं नाही’ ही तक्रार घेऊन न्यायालयात गेलेल्या विद्यार्थ्याला सहसा दाद मिळत नाही. यात न्यायाधीशांचा कठोरपणा नाही. चांगलं शिकवणं म्हणजे काय याचं माप कोणतं, विद्यार्थी नापास झाला तो शिक्षकामुळे की स्वतःमुळे, हे न्यायालयाने ठरवायचं कसं? अमेरिकेतल्या न्यायालयांनी १९७० च्या दशकापासून असे दावे सातत्याने फेटाळले आहेत. क्रेटन विद्यापीठाविरुद्धच्या १९९२ च्या खटल्यात तिथल्या संघीय अपील न्यायालयाने ही रेषा स्पष्ट आखली. शिक्षणाच्या दर्जाचा न्याय आम्ही करणार नाही. पण संस्थेने ठोस वचन दिलं आणि ते पाळण्याचा प्रयत्नच केला नाही, तर तो करारभंग आम्ही तपासू.

मान्यतेबद्दलचं विधान या रेषेच्या पलीकडे पडतं. मान्यता आहे की नाही हा मताचा प्रश्न नाही. नियामकाचं पत्र एक तर असतं, नाही तर नसतं. त्यासाठी वर्गात काय शिकवलं हे बघावंच लागत नाही. ओहायो राज्याच्या अपील न्यायालयाने १९९० मध्ये हेच केलं. कोर्ट रिपोर्टिंग शिकवणाऱ्या एका खासगी संस्थेच्या विद्यार्थ्यांचं म्हणणं होतं, की संस्थेला पदवी देण्याचा अधिकार आहे आणि तिथले श्रेयांक दुसरीकडे ग्राह्य धरले जातील, असं तिने खोटं सांगितलं. खालच्या न्यायालयाने याला शिकवण्याबद्दलची तक्रार मानून दावा काढून टाकला होता. अपील न्यायालयाने ही चूक दुरुस्त केली. ही तक्रार फसवणुकीची आहे आणि ती ऐकावी लागेल, असं सांगितलं.

त्याच वर्षी इलिनॉय राज्यात केंडल कॉलेजच्या परिचर्या विद्यार्थिनी मात्र हरल्या. त्यांच्या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय परिचर्या संघटनेची अधिस्वीकृती नव्हती आणि कॉलेजने ते आपणहून सांगितलं नव्हतं. पण ती आहे असा खोटा दावाही कॉलेजने केलेला नव्हता. गप्प राहण्याला न्यायालयाने फसवणूक मानलं नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवले, की विद्यार्थ्याने स्पष्ट प्रश्न विचारणं आणि लेखी उत्तर मागणं का गरजेचं आहे, ते कळतं. ज्या खोट्याची नोंद आहे, त्यालाच कायदा पकडू शकतो.

भारतात ग्राहक कायद्याने हे अधिक थेट सांगितलं आहे. १९८६ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या करताना, नसलेली मंजुरी किंवा नसलेली संलग्नता आपल्याकडे आहे असं भासवणं, हे नाव घेऊन नमूद केलं होतं. २०१९ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कॉलेजं असतील-नसतील, पण पाटण्याच्या जाहिरातीला ती व्याख्या नेमकी लागू पडली. पैसे घेऊन शिक्षण देणं ही कायद्याच्या अर्थाने सेवा आहे, आणि संलग्नता व मान्यता नसताना प्रवेश देणं ही त्या सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथाही आहे, असा निष्कर्ष आयोगाने काढला. सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. संस्था विद्यार्थ्यांच्या भवितव्याशी खेळली आणि त्यांची दोन शैक्षणिक वर्षं वाया गेली, असं न्यायालयाने नोंदवलं.

पैसे परत मिळाले, वर्षं नाहीत

दुसरा प्रश्न, हाती काय आलं? आयोगाने प्रवेशासाठी घेतलेली रक्कम १२ टक्के व्याजासह परत करायला सांगितलं आणि प्रत्येकी २० हजार रुपये भरपाई दिली. सर्वोच्च न्यायालयाने त्यात आणखी भरपाईची भर घातली. पदवी कोणी दिली नाही. कोणी देऊही शकलं नसतं.

अशा विद्यार्थ्यांची न्यायालयापुढची पहिली विनंती बहुधा पैशांची नसतेच. ‘आमची परीक्षा तरी घ्यायला लावा’ अशी असते. आपण शिकलो, हजेरी भरली, दोष आपला नाही, मग शिक्षा आपल्याला का, असं त्यांचं म्हणणं असतं. ऐकणाऱ्याचं मन द्रवेल अशीच ही विनंती आहे. तरी सर्वोच्च न्यायालयाने ती वारंवार नाकारली आहे. १९८६ मध्ये ए. पी. ख्रिश्चन मेडिकल एज्युकेशनल सोसायटीच्या प्रकरणात आंध्र प्रदेशातल्या मान्यता नसलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू द्यायला न्यायालयाने नकार दिला. ज्या कायद्यातून विद्यापीठ जन्माला आलं, तोच मोडण्याचा आदेश त्याला आम्ही कसा द्यावा, ही न्यायालयाची भूमिका होती. १९९२ मध्ये तर महाराष्ट्रातलंच प्रकरण पुढे आलं. मान्यता नसलेल्या अध्यापक विद्यालयांच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू देण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. पुरेशी इमारत, साधनं आणि शिक्षक नसलेल्या संस्थांतून शिक्षक तयार झाले, तर त्याचं नुकसान त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या लहान मुलांना सोसावं लागेल, हा त्यामागचा विचार होता.

हा विचार विद्यार्थ्यांना निष्ठुर वाटला तरी त्यात तथ्य आहे. मान्यता ही विद्यार्थी आणि कॉलेज यांच्यातली खासगी बाब नसते. दंतवैद्याच्या खुर्चीत बसणारा रुग्ण त्या कॉलेजची तपासणी करू शकत नाही. त्याच्या वतीने ती नियामकाने केलेली असते. दयेपोटी एका तुकडीला सूट दिली, तर ज्याने कधी जाहिरातही वाचली नव्हती अशा माणसाच्या माथी तो धोका येतो. म्हणूनच फसवलेल्या विद्यार्थ्याला न्यायालय भरपाई देतं, पण मान्यता देत नाही.

कधी कधी मधला मार्ग निघतो. छत्तीसगडने २००२ च्या कायद्याखाली थोड्याच काळात ११२ खासगी विद्यापीठं स्थापन केली. काहींकडे स्वतःची इमारतही नव्हती. शास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर ११ फेब्रुवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली मूळ कलमंच रद्द केली आणि ती विद्यापीठं एका निकालाने संपली. विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून त्यांच्या संस्था राज्यातल्या जुन्या विद्यापीठांशी जोडून घेण्याचा मार्ग न्यायालयाने मोकळा ठेवला.

त्याहून चटका लावणारं प्रकरण ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाचं आहे. चार अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेच्या मंजुरीविना दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. ही विद्यापीठं बनावट नव्हती. त्यांचा अभिमत दर्जा खरा होता. या अभ्यासक्रमाला, या पद्धतीने शिकवायला मंजुरी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि परिषदेच्या देखरेखीखालची परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट घातली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या, त्यांचं शुल्क परत करण्याचा आदेश निघाला. यातले कित्येक जण नोकरी सांभाळून शिकलेले होते आणि त्याच पदवीच्या आधारावर वरच्या पदांवर गेले होते. मान्यतेतला दोष दहा-पंधरा वर्षांनीही उघडा पडू शकतो, आणि तेव्हा संसार, कर्ज, मुलांचं शिक्षण सगळं त्या पदवीवर उभं असतं.

अमेरिकेत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. आयटीटी टेक ही देशभर शाखा असलेली खासगी शिक्षणसंस्था सप्टेंबर २०१६ मध्ये बंद पडली. नोकऱ्यांबद्दल, श्रेयांक दुसरीकडे चालण्याबद्दल आणि परिचर्येच्या अभ्यासक्रमाच्या अधिस्वीकृतीबद्दल तिने विद्यार्थ्यांची दिशाभूल केल्याचा निष्कर्ष तिथल्या शिक्षण खात्याने काढला. ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे २ लाख ८ हजार कर्जदारांची ३.९ अब्ज डॉलरची कर्जं माफ झाली. संस्थेच्या खोट्याची किंमत अखेर सरकारी तिजोरीने मोजली. भारतात शैक्षणिक कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्याला अशी सर्वसाधारण कर्जमाफीची तरतूद नाही. कॉलेज फसवं निघालं तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

विद्यार्थी ग्राहक आहे का?

पाटण्याच्या निकालानंतर वाट मोकळी झाली असं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. त्याच २००९ मध्ये, बिहारच्या परीक्षा मंडळाच्या प्रकरणात, परीक्षा घेणारं मंडळ सेवा पुरवत नाही आणि परीक्षार्थी ग्राहक नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढच्या काही प्रकरणांत शिक्षण ही विक्रीची वस्तू नाही, म्हणून शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याबाहेर आहेत, अशी भूमिका घेतली गेली. २० जानेवारी २०२० रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्यातून वगळलं. खासगी शिकवणी वर्ग मात्र कायद्यात ठेवले. या निकालाविरुद्धचं अपील सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दाखल करून घेतलं.

शिक्षण हा धंदा नाही हे तत्त्व उदात्त आहे. पण त्याचा आडोसा कोणाला मिळतो, हे बघायला हवं. पानभर जाहिरात देऊन, लाखोंचं शुल्क घेऊन, नसलेली मान्यता दाखवणारी संस्था न्यायालयात येऊन ‘आम्ही तर विद्यादान करतो’ म्हणते, तेव्हा ते तत्त्व तिच्या बचावाला वापरलं जातं. अध्यापन, मूल्यमापन, निकाल या गोष्टी ग्राहक मंचाबाहेर ठेवाव्यात, हे पटण्यासारखं आहे. मान्यतेबद्दलचं खोटं मात्र वर्ग भरण्याच्या आधीचं आहे. तो जाहिरातीचा आणि पैशांचा व्यवहार आहे, आणि तिथे विद्यार्थ्याला ग्राहकाइतकं तरी संरक्षण मिळालंच पाहिजे.

फसवणूक झाली तर

कायदेशीर वाटा बंद नाहीत. २०१९ चा ग्राहक कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. लातूरच्या मुलीला पुण्याच्या कॉलेजविरुद्ध दाद मागायला पुण्याला जावं लागत नाही. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालतं. ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. सारखीच तक्रार असलेल्या विद्यार्थ्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र येता येतं, आणि एकत्र यावंच, कारण एकट्या मुलावर ‘तडजोड कर’ म्हणून दबाव आणणं सोपं असतं. मुदत दोन वर्षांची आहे. ‘मान्यता येतेच आहे’ ऐकत वाट बघण्यात ती निघून जाते, म्हणून मुदतीवर नजर ठेवायला हवी. फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं; तोच प्रकार पुन्हा झाल्यास ५० लाखांपर्यंत.

ग्राहक आयोगाने दार लावलं, तर दिवाणी दावा आहे, आणि हेतुपुरस्सर फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३१८ वं कलम आहे. महाराष्ट्रात अनधिकृत संस्था आणि अनधिकृत अभ्यासक्रमांना मनाई करणारा २०१३ चा स्वतंत्र कायदाही आहे. अनुदान आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांनुसार माहितीपत्रक प्रवेशाच्या किमान ६० दिवस आधी प्रसिद्ध करावं लागतं, त्यात खोटी माहिती देता येत नाही, आणि मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. वर्ष वाया जाऊ नये म्हणून दुसरीकडे प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलाला या शेवटच्या नियमाचा सर्वांत मोठा आधार असतो. संस्था विद्यार्थ्याला धरून ठेवते ती बहुधा त्याच्या दाखल्यांच्या बळावर.

या सगळ्या वाटांवर पुरावा लागतो. जाहिरातीचं कात्रण, माहितीपत्रक, संकेतस्थळाच्या पानाचा तारखेसह घेतलेला स्क्रीनशॉट, शुल्काच्या पावत्या, समुपदेशकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली आश्वासनं. पाटण्याच्या अकरा जणांच्या हातात जाहिरात होती.

प्रवेशाआधीचे चार प्रश्न

वर सांगितलेल्या चार कागदांवरून प्रवेशाच्या टेबलावर विचारायचे प्रश्न आपोआप तयार होतात. पदवी कोणतं विद्यापीठ देणार? या अभ्यासक्रमाला, या वर्षासाठी, इतक्या जागांसाठी संलग्नीकरण आणि मंजुरी आहे का? त्या व्यवसायाच्या नियामकाच्या यादीत कॉलेजचं नाव आहे का? मूल्यांकनाची मुदत कधी संपते? उत्तरं कॉलेजच्या कागदावरून घेऊ नयेत. विद्यापीठ, नियामक, तंत्रशिक्षण संचालनालय यांच्या संकेतस्थळांवरच्या याद्यांशी ती ताडून बघावीत. अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. नागपूरचं राजा अरेबिक विद्यापीठ त्या यादीत वर्षानुवर्षं आहे. ‘प्रक्रियेत आहे’ असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ ‘आज नाही’ असाच घ्यावा.

ओझं कोणी वाहायचं?

एवढं सगळं सांगूनही मनात एक प्रश्न उरतो. बारावीच्या निकालानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, आयुष्यात पहिल्यांदा असा निर्णय घेणाऱ्या मुलाने आणि कदाचित स्वतः कॉलेजात न गेलेल्या त्याच्या आईवडिलांनी चार नियामकांच्या याद्या ताडून बघायच्या, ही व्यवस्था न्याय्य आहे का? जी माहिती संस्थेला आणि नियामकाला आधीच ठाऊक असते, ती शोधण्याचं काम सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसावर टाकलेलं आहे.

आणि खोटं बोलण्याची शिक्षा किती? बनावट विद्यापीठ चालवणाऱ्याला अनुदान आयोगाच्या कायद्याच्या २४ व्या कलमाखाली होणारा दंड कमाल एक हजार रुपये आहे. १९५६ मध्ये ही रक्कम जरब बसवणारी असेल. आज एका विद्यार्थ्याच्या प्रवेश अर्जाचं शुल्क त्याहून जास्त असू शकतं.

ज्यांनी खरं-खोटं सांगायचं त्या यंत्रणांवरही विश्वास टिकायला हवा. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी मूल्यांकनातल्या गैरप्रकारांबद्दल उघडपणे बोलून मार्च २०२३ मध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचं अध्यक्षपद सोडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या तपासणीत लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांना अटक केली. खोटी मान्यता आणि विकत घेतलेली मान्यता या दोन्हींतून विद्यार्थ्याच्या पदरी सारखीच फसवणूक पडते. दुसरीचा पुरावा त्याला कधीच मिळणार नाही, म्हणून ती अधिक धोकादायक.

यावर उपाय अवघड नाहीत. प्रवेशाच्या प्रत्येक जाहिरातीत मंजुरीपत्राचा क्रमांक, मुदत, अभ्यासक्रम आणि जागा छापणं सक्तीचं करावं. औषधाच्या वेष्टनावर परवाना क्रमांक छापला जातो, तसं. मंजुरी नसलेल्या अभ्यासक्रमासाठी शुल्क स्वीकारणं हाच गुन्हा ठरवावा, म्हणजे परीक्षा न होण्याची वाट बघावी लागणार नाही. शुल्क परत करण्यासाठी संस्थेची ठेव नियामकाकडे असावी, म्हणजे निकालानंतर संस्थेचं खातं रिकामं निघालं, असं होणार नाही. आणि विद्यार्थी ग्राहक आहे की नाही, या प्रश्नाचं उत्तर एकदाचं मिळावं, कारण तोवर प्रत्येक कॉलेजचा वकील पहिली काही वर्षं याच मुद्द्यावर काढतो.

पाटण्याच्या विद्यार्थ्यांनी पंधरा वर्षं लढून एक गोष्ट सिद्ध केली. मान्यतेबद्दल खोटं बोलणं हा शिक्षणसंस्थेचा खासगी अधिकार नाही. ती फसवणूक आहे आणि तिची भरपाई द्यावी लागते. ही शिकवण आपल्या कायद्यात नोंदली गेली आहे. ती प्रवेशाच्या टेबलापर्यंत पोचवण्याचं काम सरकार, नियामक आणि न्यायालयांचं आहे. अठरा वर्षांच्या मुलांनी प्रत्येक वेळी स्वतःचं एक-एक वर्ष खर्चून ते करावं, अशी अपेक्षा कोणत्याही समाजाने ठेवू नये.